पळत्या चित्रांची खतावणी

ऐंशीच्या दशकात ज्यांनी गल्लीत वर्गणी काढून भाड्याचा व्हीसीआर आणला आणि एका रात्रीत तीन-तीन सिनेमे उरकले, त्यांना ते गढूळ पट्टे अजून आठवत असतील. नायक-नायिका झाडाभोवती फिरू लागली की कुणीतरी उठून फॉरवर्डचे बटण दाबायचे. आवाज गप्प व्हायचा, पडद्यावरची माणसे मूकपटातल्यासारखी तुरुतुरु पळू लागायची आणि चित्रावरून दोन-चार आडवे पट्टे फिरत राहायचे. मारामारी आली की 'थांब, थांब, आता सोड' असा एकच गलका. बटण सुटायचे, टेप पुन्हा सरळ चालू लागायची. ही गंमत पुढे कधी अवघड होऊन बसेल, असे त्या खोलीत कुणाच्या मनातही आले नसेल.

ती अवघड झाली. टेप गेली, संगणक आला; घरातले यंत्र गेले, दूर कुठेतरी असलेला सर्व्हर आला. चित्र लख्ख झाले आणि 'जरा पुढे घे' एवढे साधे काम अभियंत्यांच्या डोक्याला ताप होऊन बसले. त्यावर निघालेला उतारा म्हणजे प्रेक्षकाला कधीच न दिसणारी एक फाइल. तिचे नाव इंडेक्स फाइल. तिच्यात ना चित्र असते ना आवाज. असतात त्या फक्त नोंदी. कोणते चित्र कुठे ठेवले आहे, एवढेच ती सांगते. पण ती नसेल तर रिमोटवरची निम्मी बटणे नुसती शोभेची उरतात.

टेपला जे फुकट मिळत होते

सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स बाजारात आणले, जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस. दोन्हींची करामत एकच होती. टेप हळू सरकायची आणि तिच्याशी तिरके बसवलेले गोल डोके (हेड) भराभर फिरायचे. त्यामुळे टेपवर चित्रे लांबलचक रेघेत न उमटता एकाशेजारी एक तिरप्या पट्टीत उमटायची. एक तिरपी पट्टी म्हणजे अर्धे चित्र. भारतातल्या पाल पद्धतीत अशा पन्नास पट्ट्या मिळून एक सेकंद व्हायचा.

फॉरवर्ड दाबले की टेप पळायची, पण डोक्याचा फेरा तसाच राहायचा. मग एका फेऱ्यात डोके एकाच पट्टीवरून न जाता चार-पाच पट्ट्या ओलांडायचे. थोडे या चित्रातले, थोडे त्या चित्रातले. जिथे एक पट्टी सोडून दुसरी धरायची तिथे सिग्नल विरायचा. पडद्यावर दिसणारे गढूळ पट्टे ते हेच. वेगाने पुढे, वेगाने मागे, संथ गतीने किंवा जागच्या जागी गोठवून पाहण्याच्या या सगळ्या प्रकारांना धंद्यात 'ट्रिक प्ले' हे नाव पडले.

टेपवरचे प्रत्येक चित्र आपल्या पायावर उभे होते. शेजारचे चित्र माहीत नसले तरी हे दाखवता यायचे. त्यामुळे कुठूनही कुठेही उडी मारली तरी काहीतरी दिसायचेच. कसलीही यादी ठेवावी लागत नव्हती. टेप हीच यादी होती.

'वरीलप्रमाणे'ची भानगड

स्टुडिओतल्या साध्या डिजिटल चित्राला सेकंदाला २७ कोटी बिट लागतात. घरापर्यंत येणाऱ्या केबलमध्ये एका सिनेमाच्या वाट्याला ४० लाख आले तरी खूप. हा फरक भरून काढला तो एमपीईजी या मानकाने. त्याची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये आली आणि दुसरीने नव्वदच्या दशकाच्या मध्यात डिजिटल टीव्ही उभा केला. युक्ती जुन्या मुनिमाची होती. वहीत तोच मजकूर पुन्हा पुन्हा कोण लिहिणार? एकदा नीट लिहायचे आणि खाली 'वरीलप्रमाणे' म्हणून सुटायचे.

एमपीईजीतही तसेच. एक चित्र पूर्ण लिहायचे. त्याला आय-फ्रेम म्हणतात, किंवा सोप्या भाषेत की-फ्रेम. पुढचे चित्र म्हणजे पी-फ्रेम: 'वरीलप्रमाणे, फक्त उजव्या कोपऱ्यातला माणूस दोन बोटे पुढे सरकला.' तिसरा प्रकार बी-फ्रेमचा, तो त्याहून चलाख. त्यात 'वरीलप्रमाणे आणि खालीलप्रमाणेही' असे लिहिलेले असते, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही चित्रांवर त्याची उधारी. साधारण बारा ते पंधरा चित्रांमागे एक आय-फ्रेम, म्हणजे सुमारे अर्ध्या सेकंदाला एक, असा रिवाज पडला.

जागा वाचली, पण चित्रांचे स्वातंत्र्य गेले. फाइलच्या मधोमध उडी मारून एखादी पी-फ्रेम उचलली तर ती 'वरीलप्रमाणे' म्हणते आणि 'वरील' तर हाताशी नाही. पडद्यावर चौकोनी तुकड्यांचा चिखल होतो. उलटे चालवणे तर आणखी कठीण, कारण 'वरीलप्रमाणे' खालून वर वाचता येत नाही. धड उभे राहायला जागा एकच: आय-फ्रेम. आणि ती कुठे आहे हे फाइलकडे पाहून कळत नाही. शांत प्रसंगातले चित्र थोड्या बाइटांत मावते, पावसातल्या मारामारीचे पसरते. फाइलचा मध्य म्हणजे सिनेमाचे मध्यांतर नव्हे.

व्यापारी हा घोळ शतकानुशतके ओळखून आहेत. रोजकीर्दीत व्यवहार जसे घडले तसे, तारखेवार उतरतात. पण अमक्याच्या खात्याचे काय झाले हे पाहायला कुणी रोजकीर्द पहिल्या पानापासून चाळत नाही. तो खतावणी उघडतो. तिथे खाते असते आणि समोर रोजकीर्दीचे पान. सिनेमाची फाइल ही रोजकीर्द, आणि इंडेक्स फाइल ही तिची खतावणी.

ओरलँडोहून टेक्सासकडे

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा ज्यांच्यापुढे आला त्यांत अमेरिकेतली टाइम वॉर्नर ही कंपनी होती. फ्लोरिडातल्या ओरलँडो शहरात तिने १४ डिसेंबर १९९४ रोजी 'फुल सर्व्हिस नेटवर्क' सुरू केले. सिनेमा कंपनीच्या सर्व्हरवर, पाहणारा आपल्या दिवाणखान्यात, मध्ये केबल. हवा तो सिनेमा हव्या त्या वेळी, आणि तोही व्हीसीआरसारखा थांबवता, मागे-पुढे नेता येणारा. बेत चार हजार घरांचा होता आणि सर्व्हर सिलिकॉन ग्राफिक्सचे.

सर्व्हरच्या बाजूने पाहिले की या रिमोटचे ओझे कळते. प्रेक्षकाने आठपट वेग मागितला म्हणून सगळा मजकूर आठपट वेगाने ढकलावा तर ४० लाख बिटांच्या जागी सेकंदाला ३ कोटी २० लाख बिट जातील. केबल तेवढी रुंद नाही, घरातल्या डब्याला, म्हणजे सेट-टॉप बॉक्सला, तेवढे उलगडता येणार नाही, आणि शेजारच्या घरातला माणूस दुसऱ्याच प्रसंगापाशी थांबलेला. तेव्हा सगळे पाठवणे शक्य नाही. निवडून पाठवायला हवे. निवडायचे तर काय कुठे आहे हे आधीच ठाऊक हवे.

पुढच्या काळात व्हिडिओ-ऑन-डिमांडच्या धंद्यात दोन वाटा पडल्या. काहींनी सिनेमा सर्व्हरवर चढवतानाच त्याच्या आणखी दोन फाइली करून ठेवल्या: एक वेगाने पुढे जाणारी, एक वेगाने मागे येणारी. बटण दाबले की सर्व्हर गुपचूप फाइल बदलणार. हे सोपे, पण जागा जास्त खाणारे आणि ठरलेल्या वेगापलीकडे न जाणारे. शिवाय प्रेक्षकाने पुन्हा 'प्ले' दाबले की मूळ फाइलीत नेमके कुठे उतरायचे हे सांगणारी नोंद लागतेच. दुसरी वाट म्हणजे मूळ फाइल एकच ठेवायची, तिची बारकाईने खतावणी करायची आणि मागणी येईल तशी चित्रे वेचायची.

ओरलँडोचा प्रयोग १९९७ मध्ये गुंडाळला गेला. त्याच वर्षी जिम बार्टन आणि माइक रॅमसे या दोघांनी नवी कंपनी काढली. दोघेही सिलिकॉन ग्राफिक्समधले, ओरलँडोचा अनुभव गाठीशी असलेले. त्यांच्या कंपनीचे नाव पुढे टिवो झाले. सिनेमा दूरच्या सर्व्हरवर ठेवण्याऐवजी घरातल्याच डब्यात हार्ड डिस्क बसवायची, चालू कार्यक्रम तिच्यावर उतरत राहील आणि प्रेक्षक त्यातच मागे-पुढे करील, ही त्यांची कल्पना. १९९९ मध्ये डबा बाजारात आला. त्यामागचे पेटंट, क्रमांक ६२३३३८९, मे २००१ मध्ये मिळाले. त्यातला एक कळीचा भाग असा: येणारा प्रवाह डिस्कवर उतरत असतानाच तो तपासायचा, कोणते चित्र कुठे सुरू होते हे टिपायचे आणि त्या टिपणांच्या आधारे मागे-पुढे करायचे.

ही तपासणी कशी होते? एमपीईजी प्रवाहात प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी एक खूण असते: लागोपाठ तेवीस शून्ये आणि मग एक. अशी मालिका इतरत्र कुठेही येऊ नये याची काळजी मानकानेच घेतली आहे. ही 'स्टार्ट कोड'ची खूण दिसली की पुढचा बाइट सांगतो, इथे चित्र सुरू होते. त्यापुढचे दहा बिट सोडले की तीन बिटांत चित्राचा प्रकार: एक म्हणजे आय, दोन म्हणजे पी, तीन म्हणजे बी. सगळे चित्र उलगडायची गरज नाही. पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि वहीत उतरवायचा.

या वहीवरून अमेरिकेत सात वर्षे कोर्टकचेरी चालली. डिश नेटवर्क या उपग्रह टीव्ही सेवेसाठी डबे बनवणाऱ्या एकोस्टार कंपनीवर टिवोने २००४ मध्ये टेक्सासच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. २००६ मध्ये ज्यूरीने टिवोच्या बाजूने कौल देऊन सुमारे ७ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. न्यायालयाने मनाईहुकूमही काढला. मग एकोस्टारने आपले सॉफ्टवेअर नव्याने लिहायला घेतले. तिच्या सांगण्यानुसार पंधरा अभियंत्यांनी वर्षभरात आठ हजार तास त्यावर खर्ची घातले.

या आठ हजार तासांत त्यांनी काय केले? डब्यातून स्टार्ट कोड शोधून आय-फ्रेमची यादी करण्याची सोय काढून टाकली आणि तिच्या जागी आकडेशास्त्रीय अंदाज बसवला. म्हणजे खतावणी ठेवायची नाही. सरासरीवरून 'साधारण इथे असेल' असा अदमास बांधून उडी मारायची. एखाद्या पेढीने कोर्टाच्या भीतीने खतावणी जाळावी आणि मुनिमाला म्हणावे, अंदाजे पान काढ, असाच हा प्रकार. वहीचे मोल किती हे सांगायला याहून मोठा दाखला शोधावा लागणार नाही.

टिवोचे म्हणणे, हा फरक वरवरचा आहे. एप्रिल २०११ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हुकमातला डब्यांतली रेकॉर्डिंगची सोय बंद करण्याचा भाग न पाळल्याबद्दल एकोस्टारवरचा अवमानाचा ठपका कायम ठेवला. मात्र नवी रचना जुनीपेक्षा खरोखर किती वेगळी, हा प्रश्न खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. त्याचे उत्तर कधी लागलेच नाही. मे महिन्यात दोन्ही पक्षांनी ५० कोटी डॉलरवर तडजोड केली.

अकरा बाइटांची एक ओळ

कोर्टातली खतावणी पेटंटच्या कुलपात होती. पण कुणालाही उघडून पाहता येईल अशीही एक आहे. रॉस फिन्लेसन यांच्या लाइव्ह ५५५ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती सापडते. व्हीएलसी प्लेअर ज्यांनी वापरला आहे त्यांनी नकळत या सॉफ्टवेअरचाही उपयोग केलेला असू शकतो. व्हीएलसी प्रवाही व्हिडिओसाठी त्याचा आधार घेतो.

डिजिटल टीव्हीचा प्रवाह १८८ बाइटांच्या सारख्या आकाराच्या पाकिटांतून वाहतो. चाळीस लाख बिटांच्या वेगाने दोन तासांचा सिनेमा म्हणजे अशी सुमारे १ कोटी ९१ लाख पाकिटे. लाइव्ह ५५५च्या सर्व्हरवर अशी फाइल ठेवताना आधी एक छोटा प्रोग्रॅम तिच्यावरून पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवायचा. तो मूळ फाइलीला हात लावत नाही. शेजारी त्याच नावाची दुसरी फाइल तयार करतो, जिचे आडनाव असते टीएसएक्स.

त्या फाइलीतली प्रत्येक नोंद अकरा बाइटांची. पहिला बाइट सांगतो की इथे काय आहे: आय-फ्रेम, दुसरी एखादी फ्रेम की नुसता मथळा. दुसरा सांगतो, पाकिटात तो मजकूर कितव्या बाइटपासून सुरू होतो. तिसरा, किती लांब आहे. पुढचे चार बाइट वेळेचे आणि शेवटचे चार पाकिटाच्या क्रमांकाचे. काय, कुठून, किती, केव्हा, कितवे: पाच रकाने. चित्राच्या जवळजवळ प्रत्येक पाकिटासाठी अशी एक ओळ. अकराला १८८ने भागले की फाइल मूळ सिनेमाच्या सहा टक्क्यांच्या आसपास जाते. ३६० कोटी बाइटांच्या सिनेमाला २०० एमबीच्या घरातली वही.

आता प्रेक्षकाने एक तास बारा मिनिटांवर जा म्हटले, तर सर्व्हर सिनेमा चाळत नाही. नोंदी वेळेच्या क्रमाने आणि एकाच मापाच्या असल्याने शब्दकोशात शब्द शोधतात तसे करता येते: मधले पान उघडा, पुढे की मागे ते बघा, उरलेल्याच्या मध्यावर जा. पावणेदोन-दोन कोटी नोंदींतून हवी ती गाठायला पंचवीसच्या आत उघडझाप पुरते. ही फाइल शेजारी नसेल तर तोच सर्व्हर तोच सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनतक्रार दाखवतो; पळवायला मात्र साफ नकार देतो.

प्रेक्षकाची मागणी सर्व्हरपर्यंत पोचवण्याची भाषाही ठरलेली आहे. आरटीएसपी हे तिचे नाव, एप्रिल १९९८ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेली. 'प्ले'च्या निरोपात 'स्केल' नावाचा आकडा जातो. एक म्हणजे नेहमीचा वेग, आठ म्हणजे आठपट, अर्धा म्हणजे संथ. उणे आठ आला की सर्व्हरने समजायचे, उलटे चालायचे.

आठचा आकडा आला की सर्व्हर जलद लोकल होतो. धीमी गाडी प्रत्येक स्टेशन घेते, जलद गाडी भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे एवढीच. इथली स्टेशने म्हणजे आय-फ्रेम. सिनेमातल्या आठ सेकंदांत अशा सोळाएक असतात, पण त्याही एका सेकंदात सगळ्या पाठवल्या तर वायर तुंबू शकते, कारण आय-फ्रेम इतर फ्रेमच्या कितीतरी पट जड. मग एक आड एक, दोन आड एक. वेग जितका जास्त तितकी स्टेशने कमी. म्हणून बत्तीसपट वेगात चित्र पळण्याऐवजी उड्या मारताना दिसते.

वेचलेली चित्रे तशीच पाठवूनही भागत नाही. प्रवाहात सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोक्यांचे एक घड्याळ असते आणि पाकिटांना शून्य ते पंधरा असे फिरते अनुक्रमांक असतात. मधली पाकिटे गाळली की घरातल्या डब्याला वाटते, वाटेत काहीतरी हरवले. म्हणून सर्व्हर वेचलेल्या चित्रांवर नव्या वेळा घालतो, नवे क्रमांक टाकतो आणि आवाज वगळतो. डब्याच्या दृष्टीने तो एक वेगळाच, छोटा, मुका सिनेमा असतो.

राहता राहिला माणूस. 'आता सोड' असे मेंदूने म्हणेपर्यंत आणि बोट उचलेपर्यंत हवा तो प्रसंग निघून गेलेला असतो. टिवोच्या डब्यात यावर साधा तोडगा होता: वेगाने पुढे जाताना 'प्ले' दाबले की डबा आपणहून थोडा मागे येऊन उतरायचा.

वही प्रेक्षकाच्या हातात

अॅपलने २००९ मध्ये एचएलएस ही पद्धत आणली आणि कारभारच उलटा झाला. सर्व्हरने आता काही वेचायचे नाही. त्याने फक्त मागितलेली फाइल द्यायची. व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे करून ठेवायचे आणि त्यांची यादी प्रेक्षकाच्या फोनकडे धाडायची. पुढे त्यात फक्त आय-फ्रेमची वेगळी यादी आली. प्रत्येक ओळीत सांगितलेले असते: अमक्या फाइलीत इतक्याव्या बाइटपासून इतके बाइट. फोन तेवढाच तुकडा मागवतो. अकरा बाइटांची ओळ आता वाचता येईल अशा मजकुरात आली आणि सर्व्हरच्या कपाटातून निघून प्रेक्षकाच्या खिशात पोचली, इतकाच फरक.

रोकू या कंपनीने आणखी सोपा मार्ग काढला. तिच्या बिफ नावाच्या फाइलीत व्हिडिओ नसतोच. असतात छोटी छोटी छायाचित्रे, दर काही सेकंदांना एक. दहा सेकंदांना एक धरले तर दोन तासांच्या सिनेमाची ७२०. सुरुवातीला चौसष्ट बाइटांचा मथळा, मग प्रत्येक चित्रासाठी आठ बाइटांची नोंद: चार वेळेचे, चार जागेचे. बोटाने खालची पट्टी सरकवताना जी चिमुकली चित्रे वर तरंगतात, तो असाच कुठलातरी अल्बम असतो. प्रेक्षकाला वाटते सिनेमा पळतोय. पळत असते ती आधीच काढून ठेवलेली फोटोंची गड्डी.

क्रिकेटचा सामना चालू असताना तर वही आणि रोजकीर्द एकाच वेळी लिहिली जातात. भारतात टाटा स्कायने २००८ मध्ये रेकॉर्ड करणारा 'प्लस' डबा आणला तेव्हा थेट सामना थांबवून चहा टाकून येण्याची चैन काही घरांना मिळाली. आता ती फोनवर आहे. दर काही सेकंदांनी यादीत एक ओळ वाढते, आणि हुकलेली विकेट पाहायला मागे गेलेले बोट त्या यादीतलीच आधीची एखादी ओळ धरते.

फोनमध्ये काढलेल्या एमपी४ फाइलीतही हीच व्यवस्था आहे. तिच्या एका कप्प्यात चित्रे आणि आवाज, दुसऱ्यात सूची: कोणती फ्रेम किती मोठी, कोणती कुठे, कोणती की-फ्रेम. साध्या रेकॉर्डिंगमध्ये हा सूचीचा कप्पा लिहिला जातो सगळ्यात शेवटी, 'थांबवा' दाबल्यावर. लग्नात मंगलाष्टके चालू असताना फोनची बॅटरी गेली की चित्रे फोनमध्ये असतात, सूची नसते. फाइल गिगाबाइटभर दिसते आणि उघडत मात्र नाही.

अशी फाइल दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत. ती एकोस्टारच्या त्या पंधरा अभियंत्यांसारखीच कामाला लागतात: चित्र कुठे सुरू होत असेल याचा अदमास बांधतात, पुढे जातात, चुकतात, पुन्हा बघतात आणि हरवलेली खतावणी ओळ-ओळ उभी करतात. त्यासाठी त्यांना नमुना लागतो. म्हणून दुरुस्तीला बसलेला माणूस फोन हातात घेऊन आधी विचारतो, 'याच फोनवर काढलेला दुसरा एखादा धड व्हिडिओ आहे का?'